झाडं कापून, रान जाळून जंगल वाचतं का?

वाचकांचे प्रश्न, वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिकेची उत्तरं

प्रश्न : मी सांगोला तालुक्यात डाळिंब करतो. वाचनात आलं की अमेरिकेत पाइनची जंगलं वाचवायला तिथलं वनखातं झाडं कापतं, वर मुद्दाम आगही लावतं. आम्ही लहानपणापासून ‘झाडे लावा, झाडे जगवा’ ऐकत आलो. कापून जंगल कसं वाचेल? लाकूड विकायचा हा बहाणा तर नसेल?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. असा संशय तिथल्या लोकांनाही येतो आणि विरळणीची, म्हणजे झाडांची दाटी कमी करण्याची, कामं कोर्टापर्यंत जातात. जुनं, जाड सालीचं, मोठं झाड तोडायला कुणी निघालं तर मीही तुमच्याच बाजूने उभी राहीन. पण तुम्ही वाचलंत त्या कामात दाटीने वाढलेली बारकी झाडं काढतात आणि मोठी राखतात. ही वेळ का आली, ते आधी सांगते.

अमेरिकेच्या पश्चिम भागात पाँडेरोसा पाइनची मोठमोठी रानं आहेत. तिथे पूर्वी दर काही वर्षांनी जमिनीलगतची आग फिरून जायची. कधी ती विजेने लागायची, कधी तिथले मूळ रहिवासी विचारपूर्वक लावायचे. कॅलिफोर्नियातल्या कारुक आणि युरोक जमातींची ती जुनी रीत आहे. गवत, वाळलेल्या सुया, दाट उगवलेली रोपं जळून जायची. मोठ्या झाडाची साल काळी पडायची, झाड मात्र जगायचं. मग १९१० च्या ऑगस्टमध्ये आयडाहो आणि मोंटाना भागात सुमारे तीस लाख एकर जंगल जळालं. त्या धक्क्यानंतर वनखात्याने आगीविरुद्ध कंबर कसली. १९३५ साली तर नियमच केला : आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ती आटोक्यात आलीच पाहिजे. हेतू चांगला होता, काम करणारी माणसं जिवावर उदार होऊन राबली. पण आग थांबली, उगवणं थांबलं नाही. मोकळ्या रानात फर आणि सीडरची सावलीत वाढणारी झाडं भरत गेली. आता खाली लागलेली आग या मधल्या बारक्या झाडांवरून चढत मोठ्या झाडाच्या शेंड्याला पोचते, आणि शेंड्याशेंड्यांतून धावणारी आग जाड सालीला दाद देत नाही.

ही झाली फक्त आगीची बाजू. तुम्ही डाळिंबवाले आहात, तेव्हा पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. पाण्याचा ताण पडलेल्या बागेत खोडाला टाचणीएवढी भोकं पाडणारा भुंगेरा आधी कमजोर झाड गाठतो. त्याच्या मागे-पुढे मर रोग असतोच. कशाने झाड गेलं, असं विचारलं तर एका शब्दात उत्तर देता येत नाही. पाइनच्या जंगलात नेमकं हेच होतं. निरोगी पाइनच्या सालीत भुंगेरा शिरला की झाड राळ सोडतं, आणि भुंगेरा त्या राळेत अडकून मरतो नाहीतर बाहेर ढकलला जातो. राळ करायला झाडाला पाणी आणि अन्न लागतं. एका झाडाच्या जागेत पाच झाडं उभी असतील, त्यात दुष्काळ पडला, तर राळ पुरत नाही. मग आत शिरलेले भुंगेरे वास सोडून बाकीच्यांना बोलावतात आणि हजारोंनी हल्ला होतो. कॅलिफोर्नियात २०१२ ते २०१६ असा दुष्काळ पडला. २०१७ अखेरच्या अंदाजानुसार राज्यातली १२ कोटी ९० लाख झाडं मेली होती. सिएरा नेवाडा या तिथल्या डोंगररांगेच्या दक्षिण भागात सर्वांत मोठा घाव पाँडेरोसावर बसला आणि तो घालणारा भुंगेरा काही बाहेरून आलेला नव्हता, तिथलाच होता.

म्हणून विरळणी. झाडं कमी केली की उरलेल्यांना पाणी जास्त मिळतं, राळ वाढते. रान मोकळं झालं की वारा आत खेळतो आणि भुंगेऱ्यांचा वास दाटून राहत नाही. मधली झाडं गेल्यामुळे आगीला वर चढायचा रस्ताही उरत नाही. एका कामात तिन्ही संकटांवर उपाय, असं वाटतं ना?

इथेच थांबायला हवं. कारण काम अर्धवट केलं तर त्याच विरळणीने नवी संकटं उभी राहतात, आणि मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाचं तेच वाटतं. तोडलेल्या झाडांच्या फांद्या, डहाळ्या तिथेच पसरून ठेवल्या तर जे जळण हवेत होतं ते जमिनीवर आलं, एवढाच फरक. शिवाय रान उघडं झाल्याने ऊन आणि वारा आत येतो, ते जळण लवकर वाळतं. हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत केलेल्या तोडीच्या ताज्या फांद्यांत इप्स नावाचे बारके भुंगेरे वाढतात आणि मग उभ्या झाडांकडे वळतात. ताज्या बुंध्यावर मूळकुजीच्या बुरशीचे बीजाणू पडतात. ही बुरशी मुळांमुळांतून शेजारच्या झाडात जाते आणि त्या बुंध्यात कित्येक वर्षं टिकते. म्हणून काही ठिकाणी तोडल्याबरोबर बुंध्यावर टाकणखाराची (बोरॅक्सची) पूड टाकतात. आणि नियंत्रित आग लावली तर होरपळलेल्या झाडांच्या वासाने वेगळेच भुंगेरे येतात. निदान पहिली एक-दोन वर्षं तरी हा धोका राहतो.

मग करावं काय? मोंटाना विद्यापीठाच्या लुब्रेख्त जंगलात याचा फार चांगला प्रयोग झाला. एका भागाला हात लावला नाही, एका भागात फक्त आग, एकात फक्त विरळणी, आणि एकात विरळणी करून नंतर आग. काही वर्षांनी त्या परिसरात पाइनच्या भुंगेऱ्याची मोठी साथ आली, ठरवून आणलेली नव्हे, आपोआप. हात न लावलेल्या भागात पाँडेरोसाची निम्मी झाडं गेली. फक्त आग दिलेल्या भागात ३९ टक्के, फक्त विरळणी केलेल्या भागात १४ टक्के. विरळणी आणि आग दोन्ही झालेल्या भागात जवळजवळ एकही नाही. आगीच्या बाबतीतही हाच अनुभव आहे. २०२१ साली ओरेगन राज्यात बूटलेग नावाचा वणवा चार लाख एकरांहून जास्त पसरला. सायकन मार्श परिसरात जिथे विरळणी आणि नियंत्रित आग दोन्ही झाली होती तिथे तो जमिनीवर उतरला. विरळणी होऊन आग द्यायची राहून गेली होती, तिथे नुकसान जास्त झालं.

तेव्हा लाकूड काढून नेलं आणि पसारा मागे ठेवला, असं कुठे दिसलं तर तुमचा संशय खरा धरा.

प्रश्न : मी सोलापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. अशी कामं करण्याआधी संगणकावर जंगलाचं मॉडेल चालवून बघतात म्हणे. संगणकातलं जंगल खऱ्यासारखं वागतं कशावरून?

उत्तर : तू माझ्या वर्गात असतीस तर तुला आलेखाचा कागद, रंगीत पेन्सिली आणि एक फासा दिला असता. आम्ही खरंच तसं करत असू. कागदावरचा प्रत्येक चौकोन म्हणजे जंगलाचा एक तुकडा. हिरवा दाट, पिवळा विरळ, पांढरा मोकळा. एका चौकोनाला आग लावायची आणि शेजारचा पेटतो का, ते फाशावर ठरवायचं : दाट असेल तर दोनपासून पुढचं कुठलंही दान चालेल, विरळ असेल तर फक्त सहा. मुली अर्धा तास वाकून बसायच्या आणि मग एखादी विचारायची, “मॅडम, पुन्हा खेळलं तर वेगळं येईल ना?” येतंच. म्हणून एकच डाव खेळून निष्कर्ष काढायचा नाही. लँडिस-टू नावाचं मॉडेल याच पद्धतीने हजारो चौकोनांवर चालतं. प्रत्येक चौकोनात कुठल्या जातीची, किती वयाची झाडं आहेत ते भरलेलं असतं, आणि आग, कीड, तोड, वाढ हे सगळं वर्षानुवर्षं पुढे सरकतं. फॉरेस्ट व्हेजिटेशन सिम्युलेटर हे दुसरं मॉडेल झाडांच्या खऱ्या मोजणीवरून एकेका भागाची वाढ आणि मर सांगतं. त्याला आगीचा आणि जळणाचा वेगळा भाग जोडलेला आहे.

मात्र आगीचं गणित फाशावर नाही. मिझुला शहरातल्या प्रयोगशाळेत रिचर्ड रॉथरमेल यांनी १९७२ साली जमिनीलगतच्या आगीचा वेग काढायचं सूत्र मांडलं : किती जळण, किती बारीक, किती ओलं, वारा किती, चढ किती. आजची बरीच मॉडेलं त्याच पायावर उभी आहेत. जळणाची वर्गवारी मला विशेष आवडते, कारण ती हाताने तपासता येते. पेन्सिलीहून बारीक काडी साधारण तासाभरात हवेतला ओलावा घेते किंवा सोडते, म्हणून ती ‘एक तासाची’. अडीच सेंटिमीटरपर्यंत जाड असेल तर दहा तासांची, साडेसातपर्यंत शंभर तासांची, त्याहून जाड ओंडका हजार तासांचा. एप्रिलच्या दुपारी हिप्परग्याच्या तळ्याकाठी बारीक काडी मोडून बघ आणि जाड फांदी मोडून बघ, लगेच समजेल. पुढे १९७७ साली कॅनडाच्या व्हॅन वॅग्नर यांनी खालची आग शेंड्याला कधी पोचते याचं गणित दिलं. त्यात दोन गोष्टी कळीच्या : सर्वांत खालची हिरवी फांदी जमिनीपासून किती उंच आहे आणि पानांत ओलावा किती आहे.

आता यात भुंगेरा आण. झाड मेलं की पहिली एक-दोन वर्षं सुया लाल होऊन झाडावरच असतात, त्यांत ओलावा नसतो, शेंडा पटकन पेट घेतो. मग सुया गळतात, झाड राखाडी होतं. वर पेटायला फारसं काही उरत नाही, जमिनीवर मात्र सुयांचा थर वाढतो. पुढे दहा-पंधरा वर्षांत खोडं कोसळतात आणि ओंडक्यांचा खच पडतो. म्हणजे भुंगेऱ्याने आगीचा धोका वाढला की कमी झाला, या प्रश्नाचं उत्तर तो किती वर्षांपूर्वी येऊन गेला यावर ठरतं. त्यात मधल्या काळात विरळणी झाली का, दुष्काळ होता का, हे मिसळलं की हाताने हिशेब करणं अशक्य होतं. मॉडेलची गरज इथे आहे. एकाच जंगलावर ‘काहीच करू नका’, ‘फक्त विरळणी’, ‘फक्त आग’, ‘दोन्ही’ असे चार मार्ग, पाऊस चांगला आणि वाईट धरून, शेकडो वेळा चालवायचे आणि पन्नास वर्षांनी काय उरतं ते पाहायचं. ‘काहीच करू नका’ हा रकाना मी मुद्दाम पहिला लिहिला. माणसं तो फुकटचा समजतात, आणि मॉडेलमध्ये त्याचीही किंमत समोर दिसते.

अजून एक. सगळं जंगल विरळ करायला पैसा नसतो, माणसं नसतात. आगीचे अभ्यासक मार्क फिनी यांनी २००१ साली गणिताने दाखवलं की आग ज्या दिशेने धावते तिला आडवे, एकमेकांच्या मागेपुढे सरकवलेले तुकडे विरळ केले तर थोड्या कामातही आगीचा वेग पडतो. जागा कुठली निवडायची, हे ठरवायला मॉडेलसारखं साधन नाही. पण विरळ केलेला तुकडा दहा-वीस वर्षांत पुन्हा भरतो. तेवढ्या काळात आग तिकडे आलीच नाही तर काम पुन्हा करावं लागतं. हा हिशेबही मॉडेलमध्ये धरावा लागतो.

विश्वास किती ठेवायचा? रॉथरमेलचं सूत्र आगीच्या पुढच्या कडेचं आहे, आणि ती कडा सुया, गवत, काड्या यांवर धावते. मागे तासन्‌तास जळत राहणारे ओंडके त्यात नीट धरलेले नाहीत. सिएरा नेवाडातली एवढी झाडं मेल्यावर काही शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये इशारा दिला होता की पडलेल्या ओंडक्यांमुळे इथे असे वणवे लागतील जे आपल्या मॉडेलांना नीट वर्तवता येणार नाहीत. सप्टेंबर २०२० मध्ये त्याच मेलेल्या झाडांच्या पट्ट्यात क्रीक नावाचा वणवा लागला आणि सुमारे ३ लाख ८० हजार एकर जळालं. तेव्हा कुठलंही मॉडेल समोर आलं की आधी विचार, यात काय मोजलेलंच नाही? आकडा नंतर बघ. ‘दोन्ही केलेलं रान हात न लावलेल्या रानापेक्षा जास्त टिकेल’, असं तुलनेचं उत्तर मी मनापासून मानते. ‘२०५० साली इतकी झाडं उरतील’ असं नेमकं उत्तर मी तेवढ्या भरवशाने घेत नाही.

प्रश्न : बार्शीहून शाळेची सहल नैनितालला नेली होती. डोंगरच्या डोंगर धुमसताना दिसले. हेच उपाय आपल्याकडे का करत नाहीत? (एक शिक्षक)

उत्तर : संशोधनाच्या निमित्ताने मी रानीखेतकडच्या चिडाच्या, म्हणजे हिमालयातल्या पाइनच्या, रानांत हिंडले आहे. मार्च-एप्रिलमध्ये तिथे पायाखाली पिरूल असतो, म्हणजे चिडाच्या गळलेल्या सुया, आणि उतारावर पाय ठरत नाही. तेलकट, बारीक, भराभर वाळणारं जळण, तेही ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर. चीड स्वतः जाड सालीचं झाड आहे, साधी आग सोसतं. पण लिशासाठी, म्हणजे राळेसाठी, खोडाला दिलेल्या खाचांत आग शिरली तर झाड आतून जळतं, आणि अशा कमजोर झाडाच्या सालीत भुंगेरे येतात. दुसरीकडे बांजचं, म्हणजे तिथल्या ओकचं, रान मागे हटतंय. बांजचा पाला ओलावा धरतो, गावाचे झरे त्याच्या आधाराने वाहतात. पण चाऱ्यासाठी ओरबाडलेला बांज आगीनंतर सावरत नाही आणि ती जागा चीड घेतो. आग, खाचा, भुंगेरा, चाऱ्याची टंचाई, सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे.

उपाय अजिबात होत नाहीत असं नाही. हिवाळ्याच्या शेवटी वनखातं नियंत्रित आग देतं, जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळे ठेवलेले पट्टे, साफ करतं. पिरूल गोळा करणाऱ्यांना उत्तराखंड सरकारने २०२४ मध्ये किलोमागे पन्नास रुपये भाव जाहीर केला. भाव वेळेवर हातात पडला तर सुया उचलण्यासारखं दुसरं चांगलं काम नाही असं माझं मत आहे. विरळणीची गोष्ट अवघड आहे, कारण हजार मीटरच्या वर हिरव्या झाडाच्या व्यापारी तोडीवर १९८१ पासून बंदी आहे आणि त्या बंदीमागे ‘चिपको’तल्या बायकांचा लढा आहे. ती सरसकट उठवावी असं मी म्हणणार नाही. मात्र ठराविक रानांत, आधी मॉडेल चालवून, वनपंचायतीला, म्हणजे जंगल सांभाळणाऱ्या गावच्या पंचायतीला, विचारून, बारक्या चिडाची विरळणी करून बघायला हवी. गावाला सोबत न घेता कुमाऊंत, म्हणजे नैनिताल-रानीखेतच्या या भागात, आगीचा प्रश्न सुटत नाही हे इंग्रजांनाही कळलं होतं. १९२१ मध्ये जंगलबंदीच्या रागाने लोकांनीच रानं पेटवली, आणि पुढे दहा वर्षांनी वनपंचायतींचे नियम आले.

प्रश्न : मग आपल्या नान्नजच्या माळावर उन्हाळ्याआधी गवत जाळून टाकलं तर? (मोहोळ)

उत्तर : स्वतः होऊन अजिबात जाळू नका. नान्नजचा माळ म्हणजे माळढोकचं अभयारण्य, आणि अभयारण्यात आग लावणं गुन्हा आहे. वर जे लिहिलं ते पाइनच्या रानाचं, तिथल्या पावसाचं आणि तिथल्या किड्यांचं गणित आहे. माळावर चंडोलासारखे पक्षी जमिनीवर अंडी घालतात, काळवीट त्याच वाळल्या गवतावर उन्हाळा काढतं. वनखातं जाळरेषा काढतं तेव्हा मदतीला जा, रस्त्याकडेला विडी-काडी टाकणाऱ्याला हटका, एवढं पुष्कळ आहे.

प्रश्न : माझी लेक-जावई कॅलिफोर्नियात पाइनच्या रानाला लागून राहतात. दर उन्हाळ्यात माझा जीव टांगणीला लागतो. त्यांना काय सांगू? (अकलूजहून एक आई)

उत्तर : ताई, तुमची काळजी मला कळते. जंगलाची विरळणी त्यांच्या हातात नाही, पण घराभोवतीचं जळण आहे. तिथे अशी बरीच घरं ज्वाळा येऊन भिडल्याने जळत नाहीत, वाऱ्याबरोबर दुरून आलेल्या ठिणग्यांनी जळतात. म्हणून छपराच्या पन्हाळीत साचलेल्या सुया काढायला सांगा, आणि उन्हाळा संपेपर्यंत पुन्हा पुन्हा काढायला सांगा. भिंतीपासून पाच फुटांत काही पेटणारं नको : लाकडाची रास, वाळकी झुडपं, काथ्याची पायपुसणी, काहीच नाही. वनवणव्याच्या भागात घराभोवती शंभर फुटांपर्यंत झाडझाडोरा विरळ ठेवणं त्या राज्याच्या कायद्यातच आहे. हद्द त्याआधी संपली तर हद्दीपर्यंत. माळ्याच्या झरोक्यांना तीन मिलिमीटरहून मोठ्या भोकांची जाळी असेल तर बदलून घ्यावी, ठिणगी तिथूनच आत जाते. आणि घर सोडा म्हणून निरोप आला की सामान आवरत बसायचं नाही. कागदपत्रं, औषधं, मुलांचे कपडे यांची पिशवी मे महिन्यातच दाराशी भरून ठेवायची. पुढच्या फोनवर हे एवढंच बोला, आणि पन्हाळ साफ केल्याचा फोटो मागून घ्या.